प्रतिजैविकाच्या जोडीला जिवाणू

आतड्याच्या जिवाणूजन्य संसर्गावर प्रतिजैविक देताना त्याच्या जोडीला जिवंत जिवाणू किंवा यीस्टही पोटात घ्यायला देण्याची रीत आज चांगलीच रुळली आहे. अँटिबायोटिकच्या पट्टीबरोबर एखादी पुडी किंवा पाण्यासारख्या द्रवाची इवलीशी बाटली चिठ्ठीत हमखास असते. एक औषध जिवाणू मारणारे आणि दुसरे जिवाणू पुरवणारे, अशी ही जोडी आहे. तिच्यातला दुसरा भिडू पहिल्याहून वयाने मोठा आहे. जिवाणू औषध म्हणून देण्याची कल्पना पेनिसिलिन वापरात येण्याच्या निदान तीस वर्षे आधी युरोपात प्रत्यक्षात आली होती. दोघांची गाठ पडली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर, प्रतिजैविकांनीच घडवलेल्या एका आजारामुळे.

म्युनिकमध्ये काम करणारे बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश यांनी १८८५ साली तान्ह्या मुलांच्या शौचातून एका दंडाकृती जिवाणूचे वर्णन केले. एशेरिशिया कोलाय या नावात त्यांची आठवण टिकून आहे. निरोगी बाळाच्या आतड्यातही जिवाणूंची वस्ती असते, हे त्यांच्या कामातून पुढे आले. त्यानंतर पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील आँरी तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शौचात टोकाला फाटा फुटलेला जिवाणू मुबलक आढळला. जुलाब झालेल्या बाळांत तो कमी दिसे. हाच बिफिडोबॅक्टेरियम. जुलाबाच्या बाळांना तो बाहेरून द्यावा, असे तिसिए यांनी १९०६ साली सुचवले. आतड्यातल्या रोगजंतूंना हटवण्यासाठी दुसरे जंतू देण्याचा आधुनिक वैद्यकातला हा पहिल्या काही प्रस्तावांपैकी एक होता.

मात्र या कल्पनेला घराघरांत पोहोचवले ते त्याच संस्थेतल्या इल्या मेचनिकॉफ यांनी. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, या शोधासाठी त्यांना १९०८ साली पाउल एर्लिश यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. मेचनिकॉफ यांचा समज असा, की मोठ्या आतड्यात अन्न कुजते, त्यातून विषे तयार होतात आणि माणूस लवकर म्हातारा होतो. आंबवलेल्या दुधातले आम्ल ही कुजण्याची क्रिया रोखेल, असे त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. दाखला होता बल्गेरियातल्या दीर्घायुषी दही खाणाऱ्या शेतकऱ्यांचा, आणि जिवाणू होता स्तामेन ग्रिगोरोव यांनी १९०५ साली बल्गेरियन दह्यातून वेगळा केलेला. लोकांनी हे मत उचलून धरले. दुधाच्या गोळ्या आणि विरजणे औषधांच्या दुकानांत आली. पुरावा मागाहून आणि विक्री आधी, हा क्रम तेव्हापासूनचा आहे.

दह्याताकाचा उपचार भारताला नवा नव्हता. चरकसंहितेत ग्रहणीच्या विकारात ताकाची महती सांगितली आहे, आणि पोट बिघडल्यावर मऊ दहीभात किंवा पातळ ताक देणे ही महाराष्ट्रातल्या घरांची जुनी सवय आहे. आहार म्हणून ती चांगलीच आहे. पण या परंपरेचा दाखला आजच्या कॅप्सूलच्या जाहिरातीत पुरावा म्हणून दिला जातो, तेव्हा गल्लत होते. विरजणातले जिवाणू दुधात वाढण्यात तरबेज असतात; आतड्यात टिकून राहणे हे त्यांचे काम नव्हे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या लिओ रेट्गर आणि हॅरी चेप्लिन यांनी १९२१ साली नेमके हेच दाखवले. बल्गेरियन जिवाणू पोटातून आतड्यात जाऊन वस्ती करत नाही, असे त्यांना आढळले. त्याऐवजी त्यांनी ॲसिडोफिलस या मुळातच आतड्यात राहणाऱ्या जिवाणूचा पुरस्कार केला. मेचनिकॉफ यांचा जिवाणू मागे पडला, पण ‘चांगले जंतू’ ही ढोबळ कल्पना राहिली.

त्या ढोबळपणातून बाहेर पडून एका विशिष्ट वाणाची निवड करणारा माणूस म्हणजे फ्रायबुर्गचे आल्फ्रेड निस्ले. पहिल्या महायुद्धात आमांश आणि विषमज्वर यांनी सैन्ये पोखरली होती. निस्ले वेगवेगळ्या माणसांच्या शौचातले कोलाय जिवाणू घेत, ते रोगकारक जिवाणूंबरोबर एकाच माध्यमात वाढवत आणि कोण कोणाला दाबतो ते मोजत. निकाल एकसारखा येत नसे. काही माणसांचे कोलाय रोगजंतूंना सहज हटवत, तर काहींचे अगदीच दुबळे ठरत. म्हणजे जात एकच असली तरी प्रत्येक वाणाची ताकद निराळी होती. १९१७ साली त्यांच्या हाती एका जर्मन सैनिकाचा नमुना आला. हा सैनिक बाल्कन आघाडीवर होता. बरोबरचे लोक आतड्याच्या संसर्गाने आडवे झाले असताना तो मात्र धडधाकट राहिला होता. त्याच्या शौचातला कोलाय प्रयोगशाळेतही जबर निघाला. निस्ले यांनी तो आगरच्या बशांवर वाढवला, जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरला आणि आधी स्वतः घेऊन पाहिला. म्यूटाफ्लोर या नावाने तो बाजारात आला आणि जर्मनीत अजूनही मिळतो. त्याच्या जबरीचे एक कारण कळायला जवळजवळ शंभर वर्षे गेली. आतड्यात लोहाचा तुटवडा असतो आणि हा वाण लोह खेचून घेण्यात इतका पटाईत आहे की उंदरांच्या आतड्यात साल्मोनेला या रोगजंतूला ते पुरेसे मिळतच नाही. तरीही प्रतिजैविकाच्या जोडीला तो गैरसोयीचाच, कारण तो स्वतः बऱ्याच प्रतिजैविकांनी मरतो.

ही अडचण नसलेला जीव सापडला तो इंडोचायनात. फ्रेंच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आँरी बुलार १९२०च्या सुमारास तिथे पटकीच्या साथीत काम करत होते. लिची आणि मँगोस्टीन या फळांच्या साली उकळून त्याचा काढा पिणाऱ्या लोकांचे जुलाब आटोक्यात येतात, असे त्यांनी पाहिले आणि १९२३ साली त्या फळांवरून एक यीस्ट वेगळी केली. सॅकॅरोमायसिस बुलार्डी या नावाने ती पुढे फ्रान्समध्ये औषध झाली. यीस्ट ही बुरशीच्या कुळातली असल्यामुळे जिवाणूंवरच्या प्रतिजैविकांचा तिच्यावर परिणाम होत नाही. दोन्ही एकाच वेळी पोटात गेली तरी यीस्ट जिवंत राहते. हा निव्वळ योगायोगाने मिळालेला गुण पुढे तिच्या कारकिर्दीचा पाया ठरला. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० साली लॅक्टोबॅसिलसचा एक वाण निवडून १९३५ पासून तो आंबवलेल्या दुधाच्या लहान बाटल्यांतून, याकुल्ट नावाने, विकायला सुरुवात केली. पण तो आहाराच्या वाटेने गेला.

यानंतर दहा-पंधरा वर्षांत वैद्यक पार बदलले. पेनिसिलिन दुसऱ्या महायुद्धात वापरात आले, स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली लागला, १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल विषमज्वरावर गुणकारी ठरले. ज्या तापात तीन-चार आठवडे केवळ वाट पाहावी लागे, तो काही दिवसांत उतरू लागला. भारतात १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. या औषधांनी वाचवलेल्या जिवांपुढे कोलायच्या कॅप्सूल आणि ॲसिडोफिलसचे दूध अगदीच फिके पडले. जिवाणू-उपचार कालबाह्य ठरला, असे कोणी त्या काळी म्हटले असते तर ते वावगे नव्हते.

पण प्रतिजैविक रोगजंतू आणि निरुपद्रवी जंतू यांत फरक करत नाही. रुंद पल्ल्याची टेट्रासायक्लिने तोंडावाटे घेणाऱ्यांना जुलाब होऊ लागले, तोंडात आणि आतड्यात बुरशी वाढू लागली. आतड्यातले जिवाणू काही ब जीवनसत्त्वे तयार करतात, म्हणून प्रतिजैविकाबरोबर बी-कॉम्प्लेक्सची गोळी द्यायची पद्धत पडली. भारतात ती कित्येक दशके चालली आणि अजूनही कुठे कुठे चालते. नुकसान मात्र जीवनसत्त्वांपुरते नव्हते. शिकागोमध्ये मार्जरी बोनहॉफ, फिलिप मिलर आणि सहकाऱ्यांनी १९५४ साली उंदरांना स्ट्रेप्टोमायसिनचा एक डोस देऊन मग साल्मोनेला पाजला. एरवी उंदराच्या आतड्यात संसर्ग व्हायला लाखभर जिवाणू लागत. औषध दिलेल्या उंदरांना दहाहून कमी जिवाणू पुरले. एका डोसाने आतडे दहा हजार पटींनी उघडे पडले होते.

त्याच सुमारास रोल्फ फ्रेटर गिनीपिगमध्ये पटकी आणि आमांश निर्माण करण्याच्या खटपटीत होते. हे प्राणी या जंतूंना सहसा दाद देत नाहीत. स्ट्रेप्टोमायसिन देऊन त्यांच्या आतड्यातले मूळचे जिवाणू हटवले, तेव्हा मात्र संसर्ग झाला आणि प्राणी दगावले. फ्रेटर यांनी पुढची पायरी गाठली. स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारा कोलाय जिवाणू त्यांनी अशा प्राण्यांना पाजला आणि रोगजंतूंची वाढ पुन्हा दबली. प्रतिजैविक चालू असतानाच त्याला तोंड देऊ शकणारा निरुपद्रवी जिवाणू द्यायचा, ही आजची सारी पद्धत १९५६च्या या प्रयोगात बीजरूपाने आहे. रोगजंतूंना थोपवणाऱ्या मूळच्या जिवाणूंच्या या गुणाला १९७१ साली नेदरलँड्समधील डर्क व्हान डेर वाय यांनी ‘वसाहत-प्रतिकार’ अशा अर्थाचे नाव दिले.

माणसांतही याचा पडताळा आला. साध्या साल्मोनेला जुलाबांवर प्रतिजैविक घेतलेल्या रुग्णांच्या शौचातून तो जंतू न घेतलेल्यांपेक्षा जास्त दिवस बाहेर पडत राहतो, असे अमेरिकेतल्या एका साथीच्या अभ्यासात १९६९ साली दिसले. रोगजंतूवर रोखलेले औषध रोगजंतूलाच मुक्काम वाढवून देत होते.

दरम्यान इटलीत १९५८ पासून बॅसिलस प्रजातीच्या बीजाणूंचे एक औषध विकले जात होते. प्रतिकूल काळात हे जिवाणू जाड कवचात झोपी जातात, त्यालाच बीजाणू म्हणतात. उष्णता, जठरातले आम्ल, कोरडेपणा यांचा त्यांना फारसा त्रास होत नाही. या औषधातले चार वाण मुद्दाम असे तयार केलेले होते, की प्रत्येकाने वेगवेगळ्या प्रतिजैविकांना तोंड द्यावे: कोणी क्लोरॅम्फेनिकॉलला, कोणी टेट्रासायक्लिनला, कोणी नोव्होबायोसिन व रिफॅम्पिसिनला. एंटेरोजर्मिना या नावाची ती पाच मिलीलिटरची प्लास्टिकची बाटली आज महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांत मिळते. आत किंचित गढूळ पाणी, त्यात दोनशे कोटी बीजाणू. टोक पिळून तोडायचे, हलवायचे आणि पाजायचे. यातल्या जिवाणूला कित्येक वर्षे बॅसिलस सबटिलिस म्हटले जात होते. तो प्रत्यक्षात बॅसिलस क्लॉसाय आहे, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकीय तपासणीतून कळले. भारतात लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनेस या नावाने खपलेल्या जिवाणूचीही हीच कथा. तो लॅक्टोबॅसिलस नसून बॅसिलस कोॲग्युलन्स आहे. औषधात नेमके कोण आहे हेच ठाऊक नसताना ते दशकानुदशके लिहून दिले गेले, ही या व्यवसायाला शोभणारी गोष्ट नाही.

प्रतिजैविक आणि प्रोबायोटिक, म्हणजे औषध म्हणून दिलेला जिवंत जिवाणू किंवा यीस्ट, यांची खरी कसोटी लागली ती एका घातक आजारात. बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक जॉन फिनी यांनी १८९३ साली शस्त्रक्रियेनंतर दगावलेल्या एका तरुण रुग्णेच्या आतड्यात पापुद्र्यासारखा पिवळट थर पाहिला होता. प्रतिजैविके येण्यापूर्वी हा प्रकार दुर्मीळ होता. १९५०च्या दशकात इस्पितळांमध्ये तो वारंवार दिसू लागला आणि दोष स्टॅफिलोकॉकसला दिला गेला. डेन्व्हरमध्ये बेन आयझमन आणि सहकाऱ्यांनी १९५८ साली अशा चार अत्यवस्थ रुग्णांना निरोगी माणसाच्या शौचाचा एनिमा दिला आणि चौघेही सावरले. तो लेख पुढची कित्येक वर्षे कोणी फारसा मनावर घेतला नाही.

१९७४ साली सेंट लुईसमध्ये फ्रान्सिस टेडेस्को यांनी क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक दिलेल्या २०० रुग्णांची पाहणी केली. २१ टक्क्यांना जुलाब झाले आणि १० टक्क्यांच्या आतड्यात तो पापुद्रा आढळला. मग शोध सुरू झाला. क्लिंडामायसिनने मरणाऱ्या हॅमस्टर प्राण्यांवर जॉन बार्टलेट यांनी काम केले आणि १९७८ साली खरा गुन्हेगार समोर आला: क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. हा जिवाणू १९३५ सालीच नवजात बाळांच्या शौचात सापडला होता; वाढवायला अवघड म्हणून नावात ‘डिफिसिल’ आले. २०१६ पासून त्याला क्लॉस्ट्रिडिऑइडीस म्हणतात. त्याचे बीजाणू इस्पितळाच्या पलंगांवर, कमोडवर, कर्मचाऱ्यांच्या हातांवर महिनोन्‌महिने टिकतात. निरोगी आतड्यात त्यांना डोके वर काढता येत नाही. मूळचे जिवाणू यकृतातून आलेल्या पित्ताम्लांचे रूप बदलतात आणि बदललेली पित्ताम्ले डिफिसिलची वाढ रोखतात. प्रतिजैविकाने हे जिवाणू गेले की न बदललेली पित्ताम्ले उरतात, आणि ती तर त्याच्या बीजाणूंना उगवायची वर्दीच देतात.

उपचार सापडला, पण तो पुन्हा प्रतिजैविकाचाच: व्हँकोमायसिन किंवा मेट्रोनिडाझोल. जुलाब थांबत, औषध बंद होई आणि साधारण पाचांपैकी एका रुग्णाला काही आठवड्यांत सारे पुन्हा सुरू होई. एकदा उलटलेल्यांत पुढच्या उलटण्याची शक्यता आणखी वाढे. औषधाने जंतू मरत, बीजाणू राहत, आणि त्यांना अडवणारे मूळचे जिवाणू त्याच औषधाने पुन्हा खच्ची होत. या फेऱ्यात अडकलेल्या वृद्धांची वजने घटत. इथे प्रतिजैविकाच्या जोडीला काहीतरी देणे ही खरोखरीची गरज होती.

बॉस्टनमध्ये शेरवुड गोरबाक आणि बॅरी गोल्डिन यांनी निरोगी माणसाच्या आतड्यातून निवडलेला लॅक्टोबॅसिलसचा वाण, दोघांच्या आडनावांवरून जीजी, १९८७ साली आजार वारंवार उलटणाऱ्या पाच रुग्णांना दिला आणि ते बरे झाल्याचे कळवले. रुग्ण फक्त पाच, आणि तुलनेला दुसरा गट नाही. त्यामानाने बुलार्डी यीस्टची परीक्षा कडक झाली. १९८९ साली क्रिस्टिना सुराविक्झ यांच्या सिॲटल येथील चाचणीत प्रतिजैविक घेणाऱ्या इस्पितळातल्या रुग्णांपैकी खोटे औषध मिळालेल्या २२ टक्क्यांना, तर यीस्ट मिळालेल्या ९.५ टक्क्यांना जुलाब झाले. हा प्रतिबंध होता. उपचाराची चाचणी लिन मॅकफार्लंड आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केली, आणि या विषयात आजही ती नीट वाचण्याजोगी आहे.

तिच्यात डिफिसिलचे १२४ रुग्ण होते. सर्वांना नेहमीचे प्रतिजैविक मिळाले. त्यावर एका गटाला रोज एक ग्रॅम यीस्ट चार आठवडे, दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी कॅप्सूल. एकूण रुग्णांत आजार उलटण्याचे प्रमाण ४४.८ टक्क्यांवरून २६.३ टक्क्यांवर आले. मात्र आकडे फोडल्यावर वेगळे चित्र दिसते. ज्यांचा आजार आधीही उलटला होता, त्यांच्यात फरक मोठा होता: ६४.७ विरुद्ध ३४.६ टक्के. ज्यांना तो पहिल्यांदाच झाला होता, त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हताच. पुढे २००० सालच्या चाचणीत लाभ आणखी अरुंद झाला; तो व्हँकोमायसिनचा मोठा डोस घेणाऱ्यांतच दिसला. एक विशिष्ट यीस्ट, एका विशिष्ट प्रतिजैविकाच्या विशिष्ट डोसाबरोबर, आजार वारंवार उलटणाऱ्या रुग्णांना, एवढेच विधान या पुराव्यावर करता येत होते. बाजाराने त्यातून ‘अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिक घ्या’ असे सरसकट वाक्य बनवले.

सरसकट वाक्याची झाडाझडती एकविसाव्या शतकात झाली. २०१२ साली ६३ चाचण्या एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात प्रतिजैविकामुळे होणारे जुलाब प्रोबायोटिकने सुमारे ४२ टक्क्यांनी घटलेले दिसले. लगेच पुढच्या वर्षी वेल्स आणि ईशान्य इंग्लंडमधल्या पाच इस्पितळांतली प्लॅसाइड नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. पासष्टीपुढच्या २,९४१ रुग्णांत जुलाबाचे प्रमाण प्रोबायोटिक घेणाऱ्यांत १०.८ टक्के, न घेणाऱ्यांत १०.४ टक्के. फरक नगण्य. दोन्ही निकाल एकाच वेळी खरे असू शकतात, कारण चाचण्यांत वाण वेगळे, डोस वेगळे आणि रुग्णांचा मूळ धोका वेगळा असतो. डिफिसिलच्या प्रतिबंधाबाबत कोक्रेन संस्थेने २०१७ साली ३१ चाचण्यांतल्या ८,६७२ जणांचा हिशेब मांडला, तेव्हा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पण हा लाभ जिथे मुळातच पाच टक्क्यांहून अधिक लोकांना आजार होतो अशाच ठिकाणचा होता. अमेरिकेच्या पचनसंस्थातज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली डिफिसिलच्या प्रतिबंधासाठी काही ठरावीक वाणांची सशर्त शिफारस केली आणि जडलेल्या डिफिसिलवर उपचार म्हणून प्रोबायोटिक केवळ संशोधनाचा भाग म्हणून वापरावे, असे सांगितले.

हे जीव अगदीच निरुपद्रवी आहेत, हा समजही टिकला नाही. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घातलेल्या अतिदक्षता रुग्णांच्या रक्तात बुलार्डी यीस्ट वाढल्याच्या नोंदी आहेत. खाटेजवळ कॅप्सूल फोडून भुकटी पाण्यात मिसळताना तिचे कण हवेत उडतात, हातमोज्यांना लागतात आणि नळीच्या तोंडापर्यंत पोहोचतात. कधी कधी तर शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला संसर्ग होतो. म्हणून अशा रुग्णांत हे औषध वर्ज्य मानले जाते. २०१८ साली इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने वेगळाच प्रश्न उभा केला. निरोगी स्वयंसेवकांना आठवडाभर सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोल दिल्यावर काहींना अकरा वाणांचे प्रोबायोटिक दिले. त्यांच्या आतड्यातली मूळची वस्ती पूर्ववत व्हायला, काहीच न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. पाच महिन्यांनीही ती पुरती सावरली नव्हती. आपलेच आधी साठवलेले शौच परत मिळालेल्यांची वस्ती मात्र काही दिवसांत मूळपदावर आली. लोक थोडे होते, आजारी नव्हते आणि वाण एकाच मिश्रणातले होते. तरी ‘फायदा झाला नाही तरी तोटा नाही’ हे वाक्य त्यानंतर बिनधास्त उच्चारता येत नाही.

एका ठिकाणी मात्र ही जोडी मर्यादित अर्थाने उपयोगी ठरली आहे. जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरीवर, ज्याच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५चे नोबेल मिळाले, दोन प्रतिजैविके दहा ते चौदा दिवस घ्यावी लागतात. जुलाब, मळमळ, तोंडाची चव जाणे यांमुळे रुग्ण औषधे मध्येच सोडतो आणि जंतू शिरजोर होतो. काही वाण हा त्रास कमी करतात, म्हणून रुग्ण औषधांचा क्रम पुरा करू शकतो.

भारतात आतड्याचे संसर्ग म्हणजे मुख्यतः पटकी, आमांश, विषमज्वर आणि लहान मुलांचे जुलाब. यांपैकी कोणत्याही आजारात प्रतिजैविकाला प्रोबायोटिकची जोड दिल्याने रोग लवकर बरा होतो, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. मुलांच्या बहुतेक जुलाबांना तर प्रतिजैविकच लागत नाही. लागते ते मीठ-साखरेचे पाणी आणि झिंक. या पाण्याची ताकद दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सिद्ध केली होती. कोलकात्याच्या झोपडवस्तीत १ ते ५ वर्षांच्या ३,७५८ मुलांवर शिरोता वाणाची चाचणी झाली, तिच्यात जुलाबांचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी कमी आढळले; पण तो प्रतिबंध होता, उपचार नव्हे. अमेरिका आणि कॅनडात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत जुलाब झालेल्या मुलांना लॅक्टोबॅसिलसचा काही उपयोग झाला नाही. तरीही भारतीय दुकानांत अमॉक्सिसिलिन किंवा सेफिक्झिम आणि लॅक्टिक ॲसिड बॅसिलस एकाच गोळीत घातलेली, नावापुढे ‘एलबी’ लावलेली औषधे सर्रास मिळतात. जिवाणू मारणारे रसायन आणि जिवाणू यांना एकाच कॅप्सूलमध्ये कोंबण्यामागचे शास्त्र कोणी पटवून दिलेले नाही. बीजाणू तग धरतील. साधा लॅक्टोबॅसिलस धरणार नाही. म्हणूनच जिवाणूंचे प्रोबायोटिक प्रतिजैविकानंतर निदान दोन तासांनी घ्यायला सांगतात.

ज्या डिफिसिलने ही जोडी जमवली, त्याच आजारात ती अखेर नव्या रूपात यशस्वी झाली. ॲम्स्टरडॅममध्ये २०१३ साली वारंवार उलटणाऱ्या रुग्णांना आधी थोडे दिवस व्हँकोमायसिन देऊन मग निरोगी दात्याचे शौच नळीने आतड्यात सोडण्यात आले. सोळांपैकी तेरा जण पहिल्याच खेपेत बरे झाले. नुसत्या व्हँकोमायसिनने तेरांपैकी चारच. आयझमन यांच्या लेखाला पंचावन्न वर्षांनी न्याय मिळाला. २०१९ साली दात्याच्या शौचातून आलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या कोलायने एका रुग्णाचा बळी घेतला, तेव्हा तपासण्या कडक झाल्या. पुढे शौचातून शुद्ध केलेल्या बीजाणूंच्या कॅप्सूलला अमेरिकेत एप्रिल २०२३मध्ये मान्यता मिळाली. चाचणीत तिने आजार उलटण्याचे प्रमाण ४० टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणले. ती प्रतिजैविकाबरोबर घ्यायची नसते. प्रतिजैविक पूर्ण संपवायचे, दोन ते चार दिवस जाऊ द्यायचे आणि मग रोज चार कॅप्सूल तीन दिवस. जोडी तीच, पण क्रम ठरलेला आणि जिवाणू मूळच्या वस्तीतले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०११च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रोबायोटिक अन्नपदार्थाच्या वेष्टनावर जिवाणूची प्रजाती, जाती आणि वाण, तसेच मुदत संपेपर्यंत जिवंत राहणाऱ्या जिवाणूंची संख्या छापायला हवी. औषधाच्या पुडीबाबतही ग्राहकाने हाच आग्रह धरावा. वाणाचे नाव नसेल तर त्या पुडीमागे कोणती चाचणी आहे हे डॉक्टरलाही सांगता येणार नाही. मग ती पुडी घेऊ नये.